टाळूखालचे स्पंदन

न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाची टाळू आजी तेलाने भरते, तेव्हा ती मंद मंद उडताना तुम्ही पाहिलीच असेल. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेंदूकडे रक्ताची लाट येते आणि तिचे स्पंदन त्या मऊ जागी दिसते. दीड-दोन वर्षांत टाळू भरून येते व हे दृश्य लोपते. परंतु मेंदूचे हलणे मात्र जन्मभर चालू राहते.

कवटी ही हाडांची बंद पेटी होय. तीत मेंदू एका स्वच्छ द्रवात, खाडीत नांगरलेल्या होडीसारखा तरंगत असतो. रक्ताची लाट आली तरी कवटी फुगू शकत नाही. म्हणून थोडा द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो आणि मेंदूही किंचित हलतो. हे हलणे बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. कवटी न उघडता ते मोजावे कसे?

येथे चुंबक आपल्या साहाय्यास येतो. रायगडच्या किनाऱ्याला चुंबकीय मापन नवे नाही. मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांमुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडतील, म्हणून अलिबाग येथे १९०४ साली चुंबकीय वेधशाळा स्थापन झाली. तिच्या इमारतीसाठी चुंबकत्वाला बाधा न आणणारा दगड मुद्दाम निवडला गेला. सूक्ष्म गोष्ट टिपायची, तर आधी भोवतालचा उपद्रव टाळावा लागतो.

एम.आर.आय. यंत्राचाही हाच नियम आहे. त्याचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी बलवान असतो. म्हणून त्या खोलीत लोखंडी वस्तू नेत नाहीत. रोग्यालाही डोके स्थिर ठेवावे लागते. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर चाळविले, की ते मंद संकेत परत देतात व त्यांवरून चित्र तयार होते. नाडीशी मेळ घालून अनेक ठोक्यांत अशी चित्रे घेतात आणि ती क्रमाने लावून एका ठोक्याचा चलच्चित्रपट बनवितात. त्यातील हालचाल संगणकाने कित्येक पटींनी वाढवून दाखविण्याची रीत २०१६ साली प्रसिद्ध झाली.

काही रोग्यांत मेंदूचा मागचा भाग मानेकडे उतरतो व द्रवाची वाट अडते. तेथील स्पंदन निराळे दिसते. अशा रोगाचे स्वरूप शस्त्र न लावता समजून घेण्यास हे मापन उपयोगी पडते.

आज रात्री निजताना मनगटावर बोट ठेवा. नाडीच्या त्याच तालावर तुमचा मेंदूही डोलत आहे!