मोझरीत बसून मद्रासची चिप

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे आश्रम उभारला आणि गावानं आपल्या गरजेचं आपणच घडवावं हा आग्रह आयुष्यभर धरला. त्या यादीत प्रोसेसर घालायचा म्हटलं तर हसू येईल. चिपचा कारखाना काही तिवसा तालुक्यात निघत नाही. पण चिप हातात यायच्या आधी तिच्यासाठी प्रोग्राम लिहून, चालवून, तपासून ठेवता येतो आणि त्याला मोझरीतला एखादा जुना लॅपटॉपही पुरतो. त्यावर फक्त दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं क्यूएमू हे सॉफ्टवेअर हवं.

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं ते 2003 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मूळ हेतू छोटा होता: विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’ इंटेलखेरीज इतर प्रोसेसरवरही चालावं. (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं एफएफएमपेगही याच गृहस्थांचं. एका माणसाला एवढं पुरे व्हायला हवं होतं!) आज अँड्रॉइडचे अ‍ॅप लिहिणारी मुलं संगणकावर जो खोटा फोन उघडतात, त्याच्या पोटातही क्यूएमूच असतं.

करूनच बघा. उबुंटूवर सी भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहा, ‘जय गुरुदेव’ छापणारा. रिस्क-फाइव्ह या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीच्या जीसीसी कंपायलरनं तो स्टॅटिक कंपाइल करा आणि चालवा. क्यूएमू अजून टाकलेलं नसेल तर टर्मिनल तोंडावर सांगतं: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. बरोबरच आहे, इंटेलच्या चिपला रिस्क-फाइव्हची एकही आज्ञा कळत नाही. आता क्यूएमू टाका आणि त्याच फाइलच्या नावाआधी ‘क्यूएमू-रिस्कव्ही64’ लिहा. जय गुरुदेव!

मधे घडतं ते असं. क्यूएमू एकेक आज्ञा वाचत बसत नाही. पुढची उडी येईपर्यंतच्या आज्ञांचा तुकडा उचलायचा, त्याचं आधी स्वतःच्या मधल्या भाषेत आणि मग इंटेलच्या आज्ञांत भाषांतर करायचं आणि ते जपून ठेवायचं. लूप हजारदा फिरली तरी साधारणपणे भाषांतर एकदाच. प्रोग्रामनं चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलल्या, तर तेही हेरून जुनं भाषांतर फेकून दिलं जातं. खरी हुशारी त्या मधल्या भाषेत आहे. दहा प्रकारचे पाहुणे प्रोसेसर दहा प्रकारच्या यजमान मशीनवर थेट चालवायचे तर शंभर भाषांतरकार लागले असते. इथे विसांत भागतं. ‘टायनी कोड जनरेटर’ ही रचना 2009 मध्ये आली आणि आजही क्यूएमूचा कणा तीच आहे.

फुकट काही मिळत नाही. बेलारनंच 2005 च्या निबंधात नोंदवलं होतं की पूर्णांकांचं काम मूळ मशीनच्या मानानं सुमारे 4 पट आणि दशांशांचं 10 पट हळू होतं.

वऱ्हाडाला प्रोसेसरचा विषय परका नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर पुण्यात सी-डॅकचे पहिले प्रमुख झाले आणि 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इनमॉसचे ट्रान्सप्यूटर प्रोसेसर होते. परम 10000 मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क आले, परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर4. महासंगणक आपला, पण आज्ञासंच दर वेळी परक्या कंपनीचा.

आता चित्र बदलतंय. रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच 2010 मध्ये बर्कलीत सुरू झाला आणि तो वापरायला कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ चिप याच आज्ञासंचावर उभी आहे. तिच्या सी वर्गाचं संदर्भ-मशीन क्यूएमूच्या यादीत ‘शक्ती_सी’ या नावानं आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘अजित’ प्रोसेसर घडवला, तो स्पार्क व्ही8 या आज्ञासंचावर. त्याच आज्ञासंचाचा लिऑन-3 प्रोसेसर क्यूएमूत मिळतो. म्हणजे देशी चिपसाठी लिहिलेल्या प्रोग्रामची पहिली चूक मोझरीतही पकडता येते.

मात्र भलत्या अपेक्षा नकोत. खऱ्या चिपवर प्रोग्रामला किती वेळ लागेल, बॅटरी किती खाल्ली जाईल, हे क्यूएमूला विचारू नये. हिशेब बरोबर आला का, एवढं ते सांगतं. वेग मोजायला खरा बोर्डच लागतो. ‘सिम्युलेशनवर चाललं, म्हणजे झालं’ म्हणणारा विद्यार्थी पुढे हमखास फसतो.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कित्येक पिढ्या 8085 च्या किटवर मायक्रोप्रोसेसर शिकल्या. एका किटभोवती चार-पाच जण, बटणं दाबणारा एकच, बाकीचे जर्नल उतरवणारे. अमरावती-अकोल्याच्या प्राध्यापकांना विनंती आहे: त्याच प्रात्यक्षिकाच्या तासाला क्यूएमू सुरू करा आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा प्रोसेसर द्या. परवाना जीपीएलचा आहे, पैसा लागत नाही, सोर्स कोड उघडा आहे. त्यात दुरुस्ती पाठवायलाही कुणाची ओळख लागत नाही.