बूस्टर सीट

बूस्टर सीट म्हणजे मोटारीच्या मागील आसनावर ठेवावयाचे, मुलाला काहीसे उंच बसविणारे सुरक्षा आसन होय. मोटारीचा सुरक्षा पट्टा प्रौढ माणसाच्या मापाचा असतो. तो मुलाच्या अंगावर योग्य जागी यावा, हे या आसनाचे मुख्य कार्य आहे. साधारणतः चार वर्षांनंतर, पाचबिंदू पट्ट्याचे बालआसन अपुरे पडू लागल्यावर ते वापरले जाते. मुलाची उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत त्याची गरज असते; ही मर्यादा देशागणिक बदलते.

कार्यपद्धती

लहान मुलाला केवळ मोटारीचा पट्टा लावल्यास कमरेचा भाग सरकून पोटावर येतो आणि खांद्याचा भाग गळ्याशी रुततो. मुलांच्या कमरेची हाडे पुरेशी वाढलेली नसल्याने धडकेच्या वेळी पट्टा तेथे टिकत नाही. तो पोटात घुसतो आणि आतडी, यकृत व कण्याला इजा होऊ शकते. आसनामुळे मूल उंचावते, पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर व गळपट्टीच्या हाडावर येतो. बहुतेक बूस्टर सीटना स्वतःचा पट्टा नसतो, त्यामुळे कमर व खांदा दोन्ही धरणाऱ्या तीनबिंदू पट्ट्यावाचून त्यांचा उपयोग नाही. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जागेवर, विशेषतः जुन्या मोटारींच्या मागील मधल्या जागेवर, त्या वापरू नयेत. पाठ असलेली सीट डोक्याला बाजूनेही आधार देते, म्हणून लहान वयात तीच योग्य मानली जाते.

मूल मांडीवर घट्ट धरले की ते सुरक्षित असते, हा सर्वांत रूढ समज आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर १५ किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यास सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्याही आईच्या वा आजोबांच्या हातांत ते नसते. मूल पुढच्या आसनावर मांडीवर असेल, तर उघडणारी एअरबॅगही त्याच्यावर आदळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालसुरक्षा आसनांच्या वापराने तान्ह्या बालकांच्या अपघाती मृत्यूंचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

भारतातील कायदा

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने मूळ कायद्यात कलम १९४ ब घातले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड होतो. ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. कायद्याने पट्टा ‘किंवा’ आसन असा पर्याय ठेवल्याने पाच वर्षांच्या मुलाला नुसता मोठ्यांचा पट्टा लावणारा पालकही नियम पाळतो, जरी तो पट्टा मुलाला बसत नसला तरी. महाराष्ट्रात मागील आसनावरील पट्ट्याची चर्चा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती निधनानंतर वाढली. मात्र ती बहुतांशी प्रौढांपुरती राहिली.

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप मूल्यांकनात मोटारींना बालसुरक्षेसाठी स्वतंत्र तारे दिले जातात. धडक चाचणीत दीड व तीन वर्षे वयाच्या मुलांच्या प्रतिकृती बालआसनात बसविलेल्या असतात. म्हणजेच पाच तारे मिळविलेली मोटार, आसन नसलेल्या मुलाला ते संरक्षण देतेच असे नाही.

ब्रह्मपुरी परिसर

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी हे शिक्षण व उपचारांसाठी गडचिरोली जिल्ह्यातूनही लोक येत असलेले शहर आहे. त्यामुळे वडसा, आरमोरी, नागभीड आणि पुढे नागपूरपर्यंत कुटुंबांचा प्रवास नित्याचा असतो. रस्त्याचा बराच भाग जंगलालगतचा असून चितळ, रानडुक्कर किंवा नीलगाय अचानक समोर आल्यास चालकाला जोरात ब्रेक लावावा लागतो. अशा वेळी धडक न होताही दोन आसनांच्या मध्ये उभे असलेले मूल पुढे फेकले जाते. दिवाळीनंतर मंडई व झाडीपट्टी नाटकांच्या हंगामात झोपलेल्या मुलांसह रात्रीचे प्रवास वाढतात. पांघरूण पट्ट्याखाली न घालता पट्ट्यावरून घालणे त्या वेळी आवश्यक ठरते, कारण जाड कपड्यामुळे पट्टा सैल राहतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. उन्हात उभ्या मोटारीतील पट्ट्याची धातूची कडी मुलाची त्वचा भाजू शकते, म्हणून ती आधी हाताने तपासावी.

काळी-पिवळी जीप व ऑटोरिक्षांमध्ये मुलाच्या जागेवर तीनबिंदू पट्टा नसल्यास बूस्टर सीट निरुपयोगी ठरते. अनेक कुटुंबांचे वाहन तर दुचाकीच असते. त्यासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम अधिसूचित केले, ते एका वर्षाने लागू झाले. चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा त्यांत बंधनकारक आहे.

निवड

आसनावर संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४४ किंवा १२९ नुसार मान्यतेची नारिंगी पट्टी असावी. उशीसारखी स्वस्त, मान्यता नसलेली उत्पादने सुरक्षा आसने नव्हेत. अपघात झालेल्या मोटारीतील जुने आसन बाहेरून धड दिसले तरी वापरू नये.