एका तव्याचे घावन, वीस जणांची पंगत

घावन म्हणजे तांदळाचे ताकासारखे पातळ पीठ तापलेल्या बिडाच्या तव्यावर ओतून केलेली पांढरी, जाळीदार पोळी. ते आंबवत नाहीत. त्यात अंडे नाही, दूध नाही. तांदूळ, पाणी आणि मीठ एवढ्या भांडवलावर ते होते. रत्नागिरीकडच्या घरांत ते न्याहारीला असते आणि पर्यटकांसाठी चालणाऱ्या घरगुती खानावळींच्या फळ्यावर आता आंबोळी, थालीपीठ यांच्या शेजारी तेही लिहिलेले दिसते. चार माणसांनी मागवले तर सगळे सुरळीत पार पडते. गाडीभर मंडळी एकदम टेकली की मात्र चूल कमी पडते, कारण घावन तव्यावरून थेट पानात जाण्यासाठीच असते.

गव्हाच्या कणकेला ताण धरणारा चिकटपणा असतो. तांदळात तो नाही. घावनाचे पीठ एकत्र राहते ते केवळ उष्णतेने पिष्ट फुलून घट्ट झाल्यामुळे. तवा पुरेसा तापलेला असेल तर पीठ टेकताच खालच्या पाण्याची वाफ होते आणि वर उसळून भोके पाडते, हीच जाळी. तवा कोमट असला की जाळी पडत नाही आणि घावन तव्याला धरून बसते. तांदळाचे पीठ पाण्यात विरघळतही नाही, नुसते तरंगते आणि क्षणात तळाशी बसते. म्हणून प्रत्येक घावनाआधी पातेल्यात पळी फिरवावी लागते. हे विसरले तर सुरुवातीची घावने पाणचट होतात आणि शेवटची जाड.

हात कसा चालतो ते पाहण्यासारखे असते. कांदा अर्धा कापून काट्याला टोचतात, तेलात बुडवतात आणि तव्यावरून फिरवतात. तेलाचा थर नुसता हात फिरवल्यासारखा हवा. जास्त झाले की पीठ घसरते. मग वाटीने कडेपासून आत पीठ ओततात, राहिलेल्या जागा थेंबांनी भरतात. पळीने पसरले की जाळी मोडते, म्हणून घावन पसरायचे नसते, ओतायचे असते. चुर्र आवाज आला की झाकण. मिनिटा-दीड मिनिटाने कडा आपणहून सुटतात. दुसरी बाजू जेमतेम शेकतात, काही घरांत उलटतच नाहीत. हा तवा पोळ्यांना वापरू देत नाहीत आणि साबणाने घासत नाहीत, कारण वर्षानुवर्षे मुरलेले तेल हीच त्याची कमाई.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले क्रेप याच जातीचे, पण स्वभावाने वेगळे. गव्हाच्या पिठात दूध-अंडे घालून ते करतात. तिखटामिठाच्या प्रकारासाठी कुट्टूचे पीठ घेतात आणि त्याला गालेत म्हणतात. तिथला तवा सपाट, बिनकाठाचा असतो आणि पीठ लाकडी दांडीने गोल फिरवून पसरतात. केवळ क्रेप विकणारी उपाहारगृहे तिथे गावोगावी आहेत. घावनाला जवळचा नातलग खरे तर व्हिएतनाममध्ये सापडतो. तिथल्या ‘बान्ह सेओ’त तांदळाचे पीठ, हळद आणि बरेचदा नारळाचे दूधही असते, आणि नावातला ‘सेओ’ हा तापल्या तव्यावर पीठ पडल्याचा आवाज आहे. कोकणातल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता मोठ्या मंडळींचा हिशेब. माणशी 3 धरली तर 20 जणांना 60 घावने लागतात. एका घावनाला ओतण्यापासून उचलण्यापर्यंत अडीच मिनिटे धरली तर एका तव्यावर दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास. दोन तव्यांवर सव्वा तास. किलोभर पिठात अडीच लिटर पाणी घातले तर, घावनामागे वाटीभर मिश्रण धरून, साधारण 30 घावने निघतात. तेव्हा 20 जणांना 2 किलो पीठ पुरते. अडचण सामानाची नसून तव्याच्या संख्येची आहे. आधी करून ठेवायची म्हटली तर घावने एकमेकांना चिकटतात, कडा वातड होतात. एकेक करून जाळीवर निववली आणि मग घडी घातली तर चिकटत नाहीत, पण गरम घावनाची लज्जत गेलेली असते. ढीग रचून झाकून ठेवलेले घावन मागवण्यापेक्षा पोहे खाल्लेले बरे.

कोकणी घरांना ही अडचण नवी नाही. भाद्रपदात गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी आले की एरवी चार माणसांच्या घरात तीस-चाळीस पाने होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, गौरीपूजनाला, अनेक घरांत घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. घाटले म्हणजे तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध शिजवून केलेली दाट खीर. तिथे तोडगा साधा असतो: दोन-तीन चुली, दोन-तीन जावा आणि पंगतीचे तुकडे. आधी मुले, मग पुरुष, शेवटी तव्यावरच्या बायका. हा क्रम न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही, पण घावन गरम मिळायचे ते याच क्रमामुळे.

खानावळीही मोठ्या गटाला बहुधा आंबोळीकडे वळवतात, आणि ते शहाणपणाचे आहे. आंबोळीत तांदळाबरोबर उडीद आणि थोडी मेथी असते. पीठ रात्रभर आंबते, उडीद वायू धरून ठेवतो, म्हणून ती जाड आणि लुसलुशीत होते. तासाभराने खाल्ली तरी बिघडत नाही. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर तर ती निवलेलीही चालते. खापरोळी हा तिचाच हळदीने पिवळा झालेला, आणखी जाड भाऊबंद. तो गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात, तेव्हा गरम-गार हा प्रश्नच उरत नाही. रसाला मात्र हात सैल हवा. साधारण चार माणसांमागे एक नारळ खवावा लागतो, म्हणजे 20 जणांना 5, आणि विळीवर तेवढा चव पाडायला एका माणसाची सकाळ जाते.

गटाने खायला जाताना थोडी शिस्त पाळली तर घावनही मिळते. सगळ्यांनी एकदम न मागवता चार-चार जणांनी आळीपाळीने मागवावे, मधल्या वेळेत उसळ-आंबोळी घ्यावी. एकाचे गोड, एकाचे तिखट, एकाला चटणी वेगळी असे वीस प्रकार सांगू नयेत. तवा एकच असतो. बिलाचेही आधी ठरलेले बरे. वर्षाला 20 लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या खानावळीला साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसेल तर तिने बिलात तो लावायचा नसतो. काही मोठ्या हॉटेलांत गटाच्या बिलावर सेवाशुल्क आपोआप चढवले जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते असे परस्पर लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. तव्यापाशी तास-दीड तास उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात काही ठेवायचे की नाही, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे.

घावनासाठी तासभर आधी फोन केला तरी भागते, पीठ तयारच असते. आंबोळी हवी असेल तर निरोप आदल्या दिवशी सकाळी पोचायला हवा. तांदूळ-उडीद दुपारपर्यंत भिजतात, संध्याकाळी वाटले जातात आणि पीठ रात्रभर फुगते.