पाकीट एक, पाणी एक लिटर



फवारणीचे औषध पंपात अंदाजाने ओतू नका, हे मी तीस वर्षे बांधावर उभा राहून सांगत आलो. पण माप घरातच चुकले, आणि ते मला गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या धंतोलीत कळले.

धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. वर्धा, यवतमाळ, भंडाऱ्याकडची माणसे लेकरे घेऊन तिथे येतात. आम्हीही पुतणीचे बावीस दिवसांचे बाळ घेऊन गेलो. विषाणूमुळे त्याला पाण्यासारखे जुलाब लागले होते. घरी जलसंजीवनी पाजली होती, पण एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवून! जितके दाट तितके गुणकारी, असा आमचा हिशेब.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "अंगात मीठ फार वाढले आहे."

जुलाबात पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियम हे क्षारही जातात. पोटॅशियम घटले की बाळ ढिले पडते, पोट फुगते. उलट पाणी कमी आणि मीठ जास्त झाले, तर मेंदूतले पाणी ओढले जाते, झटके येतात. खताची मूठ जास्त पडली की ओलीतले रोपही करपते, तसेच हे. वाढलेले मीठ एकदम उतरवले तर मेंदूला सूज येते. म्हणून सलाईन लावून ते दोन दिवस हळूहळू उतरवले. बाळ वाचले.

यात जलसंजीवनीचा दोष नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिच्याच बळावर कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. सारा गुण मापात आहे. मोठ्या पाकिटातले २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड पुऱ्या एक लिटर पाण्यासाठी असते. लहान पाकिटे २०० मिलीलिटरची मिळतात. म्हणून पाकिटावरचे वाचूनच पाणी मोजावे. उरलेले २४ तासांनी फेकावे.

दोन महिन्यांच्या आतील बाळास पाण्यासारखे जुलाब झाले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. टाळू खोल गेली, लघवी थांबली, बाळ मलूल झाले किंवा दूध ओढेना, तर तासभरही थांबू नये. वाटेतही अंगावर पाजणे चालू ठेवावे. पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

रोटा विषाणूची लस आपल्या राज्यात २०१९ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस चुकवू नयेत.

आमच्या घरी आता लिटरचे माप पाकिटाशेजारीच ठेवलेले असते. तुम्हीही ठेवा.