युरोपची बंदी फवारणीमुळे नव्हती

हंगाम आला की वेळास-बाणकोटपासून मंडणगडच्या बाजारपेठेपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "औषधं मारून मारून आपल्या आंब्याची वाट लागली, म्हणून युरोपनं तो बंद केला." बागायतदारही हेच बोलतात, याचा मनापासून वैताग येतो. कारण चुकीचं समजलं की उपायही चुकतो.

1 मे 2014 पासून युरोपीय संघानं भारताचा आंबा थांबवला. त्याच आदेशात वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होते. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, हे युरोपीय आयोगानं दिलेलं कारण. औषधांच्या अंशासाठी तिथे वेगळा कायदा आहे. त्याचा या बंदीशी संबंध नव्हता.

फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून सुईनं टोचल्याएवढा ठिपका दिसतो, तोही नीट पाहिलं तर. अळ्या आत गरात वाढतात. फवारणी वाढवून त्या मरत नाहीत. माशी रोखायची तर पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायची आणि नर माशीला ओढणारे मिथाइल युजेनॉलचे सापळे लावायचे. शेजारच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'रक्षक' सापळा याचसाठी काढला. पण एकानं सापळे लावले आणि शेजारच्या बागेत फळं कुजत राहिली, तर माशी कुंपण पाहत नाही. हे वाडीनं मिळूनच करायचं काम आहे.

"त्यांना स्वतःचा आंबा खपवायचा होता" हेही खरं नाही. स्पेनचा आंबा सप्टेंबरच्या सुमारास येऊ लागतो, तेव्हा आपला हापूस कधीच संपलेला असतो. धास्ती होती ती त्यांच्या टोमॅटो-काकडीला ही माशी लागण्याची. तेव्हाच्या 28 देशांचा नियम एकच, त्यामुळे दार बंद झालं ते सगळीकडे एकदम. आणि आंब्यासाठी 2015 च्या हंगामाआधी उघडलं तेही एकदम. आता निर्यातीच्या फळावर प्रक्रिया लागते, उदाहरणार्थ 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटं. पणन मंडळाच्या वाशीच्या केंद्रात ही सोय आहे. युरोपला सर्वाधिक आंबा पुरवणारे ब्राझील आणि पेरू असतील, तर त्यांच्याशी टक्कर चवीच्या अभिमानावर नाही, बिनकिडीच्या पेटीवर होणार.

बाकीचे समज थोडक्यात. बंदी फक्त हापूसवर होती? नाही, भारतातून जाणाऱ्या सगळ्याच आंब्यांवर होती. साका म्हणजे कीड? मुळीच नाही, ती फळाच्या वाढीतली विकृती आहे. भौगोलिक मानांकन मिळालं म्हणजे कोकणातल्या कुणीही पेटीवर तो शिक्का मारावा? 2018 चं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला आहे, पण ते वापरायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते.