विश्वासाचे व्याकरण : ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि धर्मसेवा

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. श्रद्धावान माणूस प्रार्थना करतो, दुःखिताचे सांत्वन करतो, मरणसमयी आशा धरतो. यांपैकी कशासाठीही त्याला सिद्धान्तांची गरज भासत नाही. मग सिद्धान्तांचा हा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप केवळ बाहेरच्यांचा नव्हे. मंडळीतील अनेक भाविकांच्या मनातही तो असतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भाषाभ्यासाच्या अंगाने करावयाचा असून, त्यासाठी मराठी ख्रिस्ती परिभाषेतील तीन शब्द निवडले आहेत.

प्रथम संज्ञेविषयी. ग्रीक 'थेओलोगिया' या शब्दाचा अर्थ ईश्वराविषयीचे बोलणे असा आहे. त्यासाठी 'धर्मशास्त्र' हा शब्द सोयीचा वाटला, तरी मराठी वाचकाला त्यातून मनु व याज्ञवल्क्य यांची स्मृतिपरंपरा, म्हणजे आचार व व्यवहार यांचे नियमन सुचते. म्हणून येथे 'ईश्वरविज्ञान' हा शब्द योजिला आहे. योग्य शब्द निवडतानाच पडणारी ही अडचण पुढील विवेचनाचा विषय सूचित करते.

शाळेचे तोंडही न पाहिलेले मूल 'रामाने आंबा खाल्ला' असे अचूक बोलते. कर्मणी प्रयोग म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते आणि बोलण्यासाठी ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नसते. तथापि एखाद्या वाक्याच्या अर्थाविषयी वाद उपस्थित झाला, की कर्ता कोण व कर्म कोणते, हे विचारावेच लागते. ईश्वरविज्ञानाचे श्रद्धेशी असलेले नाते बरेचसे असेच आहे. विट्गेनस्टाइन याच्या 1953 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ईश्वरविज्ञान हे एक प्रकारचे व्याकरण होय, असा ओझरता निर्देश आहे. अमेरिकन पंडित जॉर्ज लिंडबेक याने 1984 मध्ये ही कल्पना विस्ताराने मांडली. सिद्धान्त म्हणजे श्रद्धेच्या भाषेचे नियम होत, असे त्याचे प्रतिपादन आहे. सिद्धान्त हे सत्याविषयीचे विधानही असते, असे त्याच्या टीकाकारांचे म्हणणे असून ते विचारार्ह आहे. परंतु व्याकरणाची उपमा कोठवर उपयोगी पडते, हे प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहणे अधिक बरे.

मराठीत हा प्रश्न जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले, तेव्हापासून ख्रिस्ती आशय कोणत्या शब्दांत मांडावा, याचा विचार चालत आला आहे. 1811 मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या मिशनने मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये बाहेर आले. या सर्वांपुढे एकच पेच होता. नवा शब्द घडवावा, तर तो लोकांना कळत नाही. रूढ शब्द घ्यावा, तर तो आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतो.

पहिला शब्द 'प्रायश्चित्त'. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्तांसाठी प्रसिद्ध आहे, आणि महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (1953) या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. मराठीत या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. पापी माणूस प्रायश्चित्त 'घेतो', शास्त्री ते 'देतो', आणि वेळ आली म्हणजे माणूस ते 'भोगतो'. तिन्ही प्रयोगांत भार पाप करणाऱ्यावरच पडतो. आता प्रचलित मराठी बायबलातील योहानाचे पहिले पत्र घ्यावे. तेथे ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त 'आहे'. शब्द तोच राहिला. पण कर्ता बदलला. मूळ ग्रीकमध्येही असाच पालट झालेला दिसतो. होमराच्या इलियडमध्ये याच धातूपासून बनलेल्या क्रियापदाचा कर्ता माणूस आणि कर्म देव असतो: माणसे देवाची मनधरणी करतात. पौलाच्या रोमकरांस पत्रात मात्र हे साधन देवच पुढे करतो. हा कर्तृबदल ध्यानी आणून देणे, हे ईश्वरविज्ञानाचे काम होय.

दुसरा शब्द 'खंडणी'. मार्काच्या शुभवर्तमानात (10.45) येशू आपला जीव पुष्कळांसाठी 'लुत्रोन' म्हणून देण्यास आला, असे म्हटले आहे. बंदिवानाच्या वा दासाच्या सुटकेसाठी दिलेले मोल, हा या ग्रीक शब्दाचा अर्थ. मराठी भाषांतरात त्यासाठी 'खंडणी' हा शब्द आला. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून तो वाचकांच्या परिचयाचा होता; पण तेथेही जिंकलेल्याकडून वसूल करावयाची रक्कम असाच त्याचा अर्थ आहे, आणि आजच्या वृत्तपत्रांत तर तो गुन्हेगारांशीच जोडला जातो. मग सहजच प्रश्न उद्भवतो: ही खंडणी मागितली कोणी? हा प्रश्न केवळ मराठी शब्दामुळे निर्माण झाला, असे मात्र नव्हे. हे मोल सैतानाला दिले गेले, अशी उपपत्ती तिसऱ्या शतकात ओरिगेनने व चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने मांडली. नाझियान्झसच्या ग्रेगरीने ती नाकारली. लुटारूला मोल देणे त्याला लज्जास्पद वाटले, आणि पित्याने ते मागितले, हेही त्याला मान्य झाले नाही. आन्सेल्मने 1098 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात ईश्वराच्या मानखंडनेची भरपाई, अशी वेगळी मांडणी केली. निकाया (325) व काल्सेदोन (451) येथील परिषदांनी ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी सूत्रे ठरविली. परंतु त्याच्या मरणाने तारण कसे घडते, याविषयी प्राचीन सार्वत्रिक परिषदांनी कोणतीही एकच उपपत्ती बंधनकारक केली नाही. म्हणजे रूपक कोठवर ताणावे, याची मर्यादा सांभाळणे हाही व्याकरणाचाच एक भाग ठरतो.

तिसरा शब्द 'सेवा'. मार्काच्या त्याच वचनात, आपण सेवा करून घेण्यास नव्हे, तर सेवा करण्यास आलो, असे येशू म्हणतो. आपल्याकडे सेवेची दिशा ठरलेली असते. शिष्य गुरूची, भक्त देवाची, धाकटा वडील माणसाची सेवा करतो. येथे ती दिशा उलटली आहे. ग्रीक 'दियाकोनिया' या शब्दाचा एक रूढ अर्थ पंगतीत वाढण्याचे काम असा होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात भोजनाची व्यवस्था आणि वचनाचा उपदेश या दोहोंसाठी याच कुळातील शब्द वापरले आहेत. ज्याला आपण धर्मसेवा म्हणतो, तिच्यात विधवांना वाढलेले अन्न व व्यासपीठावरून केलेला उपदेश यांना एकच नाव आहे. शिवाय मोल देणे व सेवा करणे ही दोन्ही एकाच वाक्यात आली असल्यामुळे, पहिल्याचा अर्थ दुसऱ्याच्या प्रकाशातच लावावा लागतो. येथे देणारा स्वतःहून देतो. कोणी ते त्याच्याकडून उकळत नाही.

या विवेचनाचा प्रत्यक्ष धर्मसेवेशी संबंध काय, हे एका प्रसंगाच्या कल्पनेवरून स्पष्ट होईल. मूल दगावलेली एखादी आई पाळकाला विचारते, "हे माझ्या कोणत्या पापाचे प्रायश्चित्त?" तिच्या मुखी आलेला शब्द उपासनेत नित्य ऐकलेलाच असतो, मात्र त्याचे व्याकरण जुने असते. पाळकाने त्या क्षणी तिला ओरिगेन व आन्सेल्म समजावून सांगणे अर्थातच क्रूरपणाचे होईल. परंतु त्याच्या स्वतःच्या मनात कर्ता कोण, याचा उलगडा झालेला नसेल, तर तो नकळत तिच्या शंकेला दुजोरा देईल, आणि शोकावर अपराधाचा भार चढेल. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हे उत्तर ज्याने पचविले आहे, तो पाळक त्या आईजवळ कदाचित मुकाट्याने बसेल. त्या मौनामागेही ईश्वरविज्ञानच असेल.

तेव्हा मूळ आक्षेपाचे उत्तर असे देता येईल. सिद्धान्तांनी श्रद्धा उत्पन्न होत नाही, जसे व्याकरणाने मूल बोलू लागत नाही. आन्सेल्मच्या मतेही आधी श्रद्धा असते, आणि मग ती आकलनाचा शोध घेते. तथापि श्रद्धेचे शब्द उसने असतात, त्यांचे अर्थ काळानुसार बदलतात, आणि त्यांचा आघात जिवंत माणसांवर होतो. म्हणून कोणी तरी त्या शब्दांवर पहारा ठेवणे अगत्याचे आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीवर समाधान मानू नये. प्रत्येक शब्दापाशी थांबून कर्ता कोण, कर्म कोणते आणि दान कोणाकडून कोणाकडे जाते, हे तपासावे. तारण, कृपा, पश्चात्ताप, मंडळी असे कितीतरी शब्द अशा परीक्षणाची वाट पाहत आहेत.