हॅलोविनसाठी काय वाजवावं?

31 ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या आमच्या दारात पोरं चॉकलेटं मागायला येतात, तेव्हा पियानोवर मी असते. बाखची ऑर्गनवरची ती टोकाटा मी घेत नाही. वापरून वापरून तिचं पार हसं झालंय.

सुरुवात जॉन कार्पेंटरच्या 1978च्या ‘हॅलोविन’ सिनेमातल्या धुनेने. एका आवर्तनात दहा मात्रा, पण झपतालासारख्या 2-3-2-3 नव्हे, तर 3-3-2-2. चाराच्या ठेक्याला सरावलेला पाय अडखळतो आणि भीती तिथूनच आत शिरते. दोन बोटं धड चालत असतील त्यालाही ही धून जमते.

खरी धास्ती मात्र रॅव्हेलच्या 1908मधल्या ‘ल जिबे’ची. फासावरचा देह, दूरवर घंटा. ती घंटा म्हणजे बी फ्लॅट हा एकच स्वर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लय जरा जरी वाढली की सगळं मातीत. अर्थात, गोळ्यांसाठी आलेलं पोर एवढं थांबत नाही; हे पोरं गेल्यावर, मोठ्यांसाठी.

हेन्री कॉवेलच्या ‘द बॅन्शी’त वादक थेट तारांवर बोटं घासतो आणि दुसरा माणूस पेडल दाबून धरतो. पेडलला नवरा तयार आहे, पण त्यासाठी आडवा ग्रँड पियानो लागतो. आमचा भिंतीला टेकलेला, उभा.